घराण्यात काही आहे का?

आमच्या देवासच्या मराठी वस्तीत लग्नाची बोलणी सुरू झाली की एक प्रश्न हमखास यायचा, पण तो कधी सरळ यायचा नाही. देण्याघेण्याचं, मानपानाचं लोक तोंडावर बोलायचे. हा प्रश्न मात्र कप खाली ठेवता ठेवता, दुसरीकडे बघत विचारायचे. "बाकी सगळं ठीक आहे हो. घराण्यात तसं काही नाही ना?" तसं काही म्हणजे कोड, फिट आणि वेड. पहिल्या दोन्हींना आमच्या घराचं उत्तर 'नाही' असं होतं, आणि ते खरं होतं. तिसऱ्यालाही 'नाही' असंच होतं. ते पचावं म्हणून पाहुणे यायच्या आधी आम्ही काकांना कन्नौदच्या बसमध्ये बसवून द्यायचो.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे, नानांचे, धाकटे भाऊ. त्यांनी लग्न केलं नव्हतं, आमच्याच घरात राहायचे. वर्षातले बरेच महिने इतका गोड माणूस दुसरा नाही. टँकर आला की अर्ध्या गल्लीचं पाणी भरून द्यायचे, माझ्या बहिणीला सायकलवर डबलसीट शाळेत सोडायचे, देवीच्या टेकडीवर चढताना दमलेल्या म्हाताऱ्यांना हात द्यायचे. मग एखाद्या वर्षी, बहुधा उन्हाळ्याच्या तोंडाशी, त्यांची झोप उडायची. बोलणं वाढायचं, डोळे चमकायला लागायचे. कारखान्याच्या गेटवर उभे राहून ते येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या नव्या कारखान्यात भागीदारी देऊ करायचे. एकदा तर शाळा बांधायची म्हणून विटांचा ट्रक दारात उभा केला. ते वारं उतरलं की तोच माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा, आणि आई त्याच्या तोंडाशी भाताचा घास धरून रडायची. पुढे इंदूरच्या डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, लिथियमच्या गोळ्या दिल्या. वादळं कमी झाली. पार गेली नाहीत.

आम्हाला देवासला आणलं तेही काकांनीच. मूळचे आम्ही जळगावकडचे. काका मिसरूड फुटायच्या वयात कुणाला न सांगता आग्रा रोडच्या ट्रकवर चढले, धामनोदला उतरले, तिथल्या ढाब्यावर भांडी घासली. देवासला कारखाने निघतायत असं एका ड्रायव्हरकडून कळलं, तसे इथे येऊन गेटवर उभे राहिले. आधी स्वतः लागले, मग नानांना बोलावून फिटरचा हेल्पर म्हणून चिकटवलं. नाना आपणहून गावाची वेस ओलांडणाऱ्यातले नव्हते. हे ते स्वतःच सांगायचे, पण काकांना कन्नौदला पाठवायच्या दिवशी कधी सांगायचे नाहीत.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो, कारण ते कसं झालं ते मला ठाऊक आहे. नव्वदच्या दशकात रोज बसनं देवास-इंदूर अपडाउन करून मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं. सगळं शिक्षण हिंदीत झालेलं, पुस्तकं इंग्रजीत, घरी बोलणं मराठीत. पण एका विषयानं मला धरून ठेवलं. मेंदूतल्या रसायनांची जनुकं हा तो विषय.

पहिल्यांदा ते वर्गात ऐकलं तेव्हा मी पेन खाली ठेवलं होतं. आपला मूड, आपली भीती, आपली उमेद ज्या रसायनांवर चालते, ती रसायनं माणसाची नाहीतच. खेकड्यातही सेरोटोनिन असतं. ते वाढलं की तो नांग्या उगारून ताठ उभा राहतो. माशात आहे, गोगलगायीत आहे. ती रसायनं बनवणारी, झेलणारी, मोडून टाकणारी यंत्रणा ज्या जनुकांत लिहिलेली आहे ती कोट्यवधी वर्षं जुनी आहेत. फार पूर्वी त्यातल्या काहींच्या चुकून दोन-दोन प्रती झाल्या. एक प्रत जुनं काम करत राहिली, दुसरी जराशी बदलली आणि नव्या कामाला लागली. हे पुन्हा पुन्हा होत गेलं, आणि त्या चुकांतून आपला मेंदू उभा राहिला. मग ह्या जनुकांचे माणसामाणसांत थोडे वेगळे नमुने असतात. तेव्हा काही शास्त्रज्ञ म्हणत होते की डोपामाइन झेलणाऱ्या एका जनुकाचा एक नमुना असलेली माणसं एका जागी बसत नाहीत, नवं धुंडाळत लांब लांब जातात. काहींना ते पटत नव्हतं. मला मात्र बसमध्ये खिडकीशी बसून धामनोदच्या ढाब्यावर भांडी घासणारे काका दिसायचे.

घरी येऊन मी हे नानांना सांगायला गेलो. ते जेवत होते.

"म्हणजे रक्तातच आहे म्हणतोस?"

"रक्तात नाही नाना, जनुकांत. आणि नुसतं वाईट नाही. तीच चीज—"

"एवढे पैसे घालून तू हे शिकलास? आपलंच घर नासकं आहे म्हणायला?" त्यांनी ताट सरकवलं. "हे घराबाहेर बोललास तर याद राख. धाकटीचं व्हायचंय अजून."

धाकटी म्हणजे माझी बहीण. तिचं स्थळ आलं तेव्हा मी देवासच्याच एका कॉलेजात शिकवायला लागलो होतो. दोन हजार सालानंतरची गोष्ट. स्थळ धारचं. जुनं घराणं, आजोबा-पणजोबा संस्थानात कामाला होते. आता मुलगा सरकारी शाळेत गणिताचा मास्तर, वडील नाहीत, आई शांत. घरात शब्द चालायचा तो मुलाच्या आत्याबाईंचा. त्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, केस पांढरेशुभ्र, आणि मराठी अशी की आमची ऐकताना त्यांच्या कपाळावर आठी यायची. माझी बहीण त्यांना पहिल्यांदा "आप बैठिए ना" म्हणाली, तर त्या म्हणाल्या, "बसते. पण मराठीत बसते." बहीण हसली, त्याही हसल्या. तिथेच जमल्यासारखं झालं.

फक्त एक अडचण होती. आत्याबाई कधीही यायच्या. इंदूरला कुणाकडे आल्या की "जवळच तर आहे" म्हणून देवासला चक्कर. त्यामुळे ह्या खेपेला काकांना एका दिवसापुरतं नाही, बोलणी पक्की होईपर्यंत कन्नौदला ठेवायचं ठरलं. तिथे आईचे चुलतभाऊ, आमचे मामा, धान्याच्या मंडीत तोलाईचं काम करायचे. काका गुपचूप पिशवी भरून निघाले. बसच्या पायरीवर मला म्हणाले, "प्रोफेसर, गोळी चुकवणार नाही. तू बिनघोर रहा. पोरीचं जमू दे." त्यांना कशासाठी पाठवतायत ते पूर्ण कळत होतं. तेच मला सहन होत नव्हतं.

मे महिना होता. नळाला पाणी नाही, पंख्याला वीज नाही. बोलणी पक्की करायला धारची मंडळी भाड्याची व्हॅन करून आली. मुलगा, आई, आत्याबाई आणि त्यांच्याकडचे एक दूरचे नातेवाईक. बायका आतल्या खोलीत, पुरुष बाहेर, आत्याबाई मात्र बाहेरच, खुर्चीत. तारखेवर बोलणं आलं. नाना इतके खूश की पाहुण्यांना स्वतः वारा घालत होते. तेवढ्यात आत्याबाईंनी कप खाली ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाल्या, "बाकी घराण्यात तसं काही नाही ना हो?"

"छे, छे," नाना म्हणाले. "देवाच्या कृपेनं काही नाही."

आणि दारात रिक्षा थांबली.

मामा काकांना काखेत धरून उतरवत होते. काकांचे पाय जमिनीवर नीट पडत नव्हते, दारुड्यासारखे वाकडेतिकडे जात होते. हात थरथरत होते, साधे नाही, मुठीसकट उडत होते. शर्टावर ओकारी सुकलेली. त्यांनी दारातून आत बघितलं, पाहुणे दिसले आणि त्यांचा चेहरा असा पडला की मी तो विसरू शकलेलो नाही. ते मागे फिरायला गेले, आणि उंबऱ्याशीच बसले.

"भिया, ये तो दो दिन से ऐसे ही," मामा धापा टाकत म्हणाले. "कन्नौदचा डॉक्टर म्हणतो इंदूर ले जाओ. मी म्हटलं आधी घरी—"

नाना उठले. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा बारीक झाला होता. "शेजारी आहे," ते पाहुण्यांना म्हणाले. "घेतो जरा. त्याला सवय आहे. तुम्ही बसा, चहा घ्या."

सख्ख्या भावाला त्यांनी दारुडा शेजारी केलं. मामा तोंड उघडं टाकून बघत राहिले. काकांनी मान खाली घातली आणि हो म्हणाल्यासारखी हलवली. तेही नाटकात सामील झाले.

मी उठून त्यांच्याजवळ बसलो. वेड मला ओळखता यायचं, त्यांच्या दोन्ही तऱ्हा मी लहानपणापासून बघितल्या होत्या. हे वेड नव्हतं. जीभ जड, हात उडतायत, उलट्या, तोल नाही.

"मामा, गोळी बंद केली का?"

"अरे नाही रे, रोज माझ्यासमोर घेतात. एक बार भी नहीं छोड़ी."

"जास्त घेतल्या?"

"ना."

"मग खातात काय?"

मामा हळू म्हणाले, "आल्या दिवसापासून अळणी खातात. मीठ सोडलंय. धाकटीचं लग्न ठरेपर्यंत अळणी राहीन, असं देवीला बोललेत. मी म्हटलं, काय हरकत आहे, पुण्याचं काम."

मे महिना, अंगातून घामाच्या धारा, आणि ताटात मीठ नाही. लिथियम हे मिठाच्या भावकीतलंच. शरीरात मीठ कमी पडलं की मूत्रपिंड मीठ समजून लिथियम धरून ठेवतं, बाहेर सोडत नाही. रोजची तीच गोळी मग विष होते. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं की मीठ कमी करू नका. पण अळणी धरणं म्हणजे मीठ कमी करणं असं आमच्या लोकांच्या मनातही येत नाही. ते व्रत असतं. पुण्य मिळवताना कुणी डॉक्टरला विचारत नाही.

"नाना, ह्यांना आत्ता इंदूरला न्यायला लागेल. आत्ता."

नानांनी माझं मनगट धरलं. फिटरचा हात, पान्यासारखा. "गप," ते दातांतून म्हणाले. "पाहुणे जाऊ देत. तासाभराचा प्रश्न आहे."

"तासभर नाहीये."

"गप म्हणतो ना!"

दारात आई उभी होती, तिच्यामागे माझी बहीण, नवी साडी नेसलेली. तिला सगळं कळलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, पण मान ना हो हलवत होती ना नाही. गल्लीत एकही गाडी नव्हती. एकच व्हॅन होती, धारवाल्यांची.

मी मनगट सोडवून घेतलं आणि आत्याबाईंकडे वळलो. "हे शेजारी नाहीत. हे माझे सख्खे काका आहेत. यांना मनाचा आजार आहे, लिथियम चालू आहे, आणि त्यातून आत्ता विषबाधा झालीय. मला तुमची गाडी पाहिजे."

नाना भिंतीला टेकले. मग तो गणिताचा मास्तर उठला, जावई व्हायला आलेला, इस्त्रीच्या शर्टातला. त्यानं काही विचारलं नाही. काकांच्या एका काखेत त्यानं हात घातला, दुसऱ्या काखेत मी. मामा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. नाना आले नाहीत. त्यांना पाहुण्यांपाशी बसायचं होतं, किंवा त्यांचे पाय उचलतच नव्हते.

वाटेत काका मास्तरला सारखं सांगत होते, जड जिभेनं, "तुमचा शर्ट खराब होईल. तुम्ही दुसरीकडे बसा. मी शेजारी आहे."

इंदूरच्या दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, गोळी थांबवली आणि म्हणाले की मूत्रपिंडांनी साथ दिली तर ठीक, नाहीतर बघू. ते 'बघू' फार लांबलं. काका कधी मला ओळखायचे, कधी भ्रमात ढाब्याच्या मालकाशी भांडत असायचे. नाना दुसऱ्या दिवशी आले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिले, खोलीत गेले नाहीत. मी डबा नेऊन दिला, तर म्हणाले, "तू बरोबर केलंस. पण पोरीचं वाटोळं केलंस." दोन्ही वाक्यं एका श्वासात. काही दिवसांनी काका उठून बसले, हाताची थरथर गेली, आणि मिठाची पेज मागितली. नाना तेव्हा खोलीत गेले.

काका घरी आले आणि धारहून निरोप आला. लग्न मोडल्याचा नाही. आत्याबाईंनी मला आणि नानांना बोलावलं होतं.

बसमध्ये नाना धारपर्यंत एकच गोष्ट बोलत होते. "ती विचारेल, हे पुढे जातं का. तू नाही म्हण. एक शब्द. तू शिकलेला आहेस, तुझ्या शब्दावर तिचा विश्वास बसेल. तुझं शास्त्र कुठे पळून जाणार आहे?"

"खोटं आहे ते नाना."

"मी तिथे माझ्या भावाला दारुडा म्हटलं," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तुला एक शब्द जड होतो?"

खरं सांगायचं तर धारचा स्टँड येईपर्यंत मी 'नाही' म्हणायचं जवळजवळ ठरवलं होतं.

आत्याबाईंचं घर साधंच, वर पत्र्याची एक खोली आणि गच्ची. आम्हाला वरच बसवलं. गच्चीच्या कठड्यावर वानरांची टोळी बसली होती, शेपट्या खाली सोडून. आत्याबाईंनी पाणी दिलं, चहा दिला नाही. मास्तर दाराशी उभा होता.

"तुम्ही प्राध्यापक आहात," त्या म्हणाल्या. "मला घोळात घेऊ नका. एका शब्दात सांगा. हे पुढल्या पिढीत जातं की नाही?"

नाना माझ्याकडे बघत होते. मला ती नजर न बघताही जाणवत होती. जिभेवर शब्द होता. पण माझ्याकडे स्वतःचं म्हणावं असं त्या शिक्षणाखेरीज काय होतं? जमीन नाही, घराणं नाही. गल्लीत कुणाला काही झालं की लोक मला विचारायला येतात, कारण मी सांगितलेलं खरं असतं. तो एक शब्द तिथे ठेवून आलो असतो तर उद्या वर्गात फळ्यापुढे कुणी उभं राहायचं?

"जातं," मी म्हणालो. "थोडं जातं."



"थोडं म्हणजे?" आत्याबाईंनी विचारलं.

"म्हणजे इतर घरांपेक्षा जरा जास्त शक्यता. सगळ्यांना होत नाही. बहुतेकांना होत नाही. एका जनुकात नसतं ते, कितीतरी बारीक बारीक जनुकं मिळून होतं, आणि माणसावर काय गुदरतं त्याच्यावरही असतं. माझ्यातही त्यातलं काही असेल. माझ्या बहिणीतही असेल."

"अहो, मग इतकं वाईट बी निसर्गानं ठेवलंच कशाला? इतक्या पिढ्यांत गाळून का नाही टाकलं?"

हाच प्रश्न मला कॉलेजात पडला होता, आणि पुस्तकात त्याचं एकच एक उत्तर नव्हतं. मी कठड्याकडे बोट केलं. "ही वानरं रोज येतात?"

"येतात मेली. पापड ठेवू देत नाहीत."

"नव्या छपरावर पहिली उडी कोण मारतं?"

"एक असतो उपद्व्यापी. बाकीची बसून बघतात."

"ज्या वर्षी जवळचं झाड वाळतं त्या वर्षी त्या उपद्व्याप्याला लांबचं फळ मिळतं. ज्या वर्षी विजेच्या तारा वाढतात त्या वर्षी तो मरतो, बसणारी जगतात. कधी ह्याचं बरोबर ठरतं, कधी त्याचं. म्हणून दोन्हींचं बी टिकलं. मेंदूची ही जनुकं माणसापेक्षा जुनी आहेत, आत्याबाई. ती कुठल्या एका घराण्याची नाहीत. आमचे काका ट्रकवर चढले नसते तर मी आज प्राध्यापक नसतो. पण हा माझा अंदाज आहे. काकांचा आजार त्याच जनुकांतून आला असं मी छातीठोक सांगू शकत नाही. आणि आजार आजारच आहे. तो फार वाईट आहे. तो मी गोड करून सांगणार नाही."

आत्याबाईंनी पाण्याचे पेले गोळा केले. मग म्हणाल्या, "नाही म्हणाला असतात तर मला बरं वाटलं असतं." आणि उठून खाली गेल्या. आम्हाला निरोपही दिला नाही.

घरी बहिणीनं दार उघडलं, आमचे चेहरे बघितले, आणि "पोळ्या गरम आहेत" एवढंच म्हणाली.

मग दिवस गेले. धारहून काही नाही. आईनं विचारायचं सोडलं. काकांनी मात्र पुन्हा बोलणं कमी केलं, आणि त्याची मला जास्त धास्ती होती. ते आपल्यामुळे झालं असं धरून बसले होते.

एका रविवारी दुपारी गणिताचा मास्तर एकटा दारात उभा राहिला. आत्याला न सांगता बसनं आला होता.

"टक्के सांगा," तो बसल्या बसल्या मला म्हणाला. "थोडं म्हणजे किती टक्के?"

"टक्के एका घराला लागू होत नाहीत हो. हजार घरं घेतली तर सांगता येईल. तुमच्या पोराचं नाही सांगता येणार."

"मी गणिताचा माणूस आहे. मला आकडा लागतो."

आतून बहीण आली. हात पिठाचे. "दादाला काय विचारताय? लग्न दादाशी करायचंय?"

मास्तर उठून उभा राहिला. नाना आतल्या खोलीत खोकले, पण बाहेर आले नाहीत.

"मला विचारा ना," ती म्हणाली. "काकांची भीती वाटते का, विचारा."

"वाटते?"

"वाटते. त्यांचं बोलणं वाढलं की वाटते. ते गप्प झाले की उससे भी ज़्यादा. लहानपणी मी त्यांच्या पायाशी झोपायची, ते उठून कुठे जाऊ नयेत म्हणून. माझं पोर असं निघालं तर काय, हे मला रोज वाटतं. तुम्ही येण्याआधीपासून वाटतं. वाटत नाही असं मी म्हणणार नाही."

मास्तर खाली बघत होता. "मलाही भीती वाटतेय," तो म्हणाला. "त्या दिवशी व्हॅनमध्ये त्यांनी माझा हात धरला होता, तेव्हापासून वाटतेय. पण मला सारखं इथेच यावंसं वाटतंय."

"मग बसा," ती म्हणाली. "आणि आकडा मागू नका. चहा आणते."

लग्न झालं. आत्याबाई आल्या, पण पहिल्या दिवशी आमच्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या काकांशेजारच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि त्यांना जेवलात का विचारलं. काका इतके गोंधळले की उभे राहून हो म्हणाले. त्यानंतर काकांना कन्नौदची बस कधी धरावी लागली नाही. पाहुणे आले की नाना स्वतःच सांगायचे, "हा माझा भाऊ. गोळ्या चालू आहेत." जरा मोठ्यानंच सांगायचे.

माझी भाची आता चार वर्षांची आहे. उन्हाळ्यात धारहून येते आणि आमचं घर डोक्यावर घेते. परवा ती जेवताना एकदम किंचाळली आणि वरणाची वाटी भिंतीवर भिरकावली. माझी बहीण हातातली पोळी तशीच धरून राहिली. मास्तर, आई, नाना, सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे दर वेळी होतं. मी प्राणिशास्त्र शिकवतो, मला कळत असणार असं त्यांना वाटतं. चार वर्षांच्या पोरीच्या किंचाळण्यातून मला काहीसुद्धा वाचता येत नाही.

"भूक लागलीय तिला," मी म्हणालो.

सगळे सैल झाले, बोलायला लागले. फक्त काका सैल झाले नाहीत. ते उठले, दुसरी वाटी भरून आणली, तिच्या हाताला लागेल अशी जवळ ठेवली, आणि ती आता काय करते ते बघत तिच्यासमोर उकिडवे बसून राहिले.